दारावर टांगलेलं जाजम

मित्रांनो, जरा सरकून बसा. तुम्ही ज्याच्यावर मांडी घालून बसला आहात, आणि ज्याच्याखाली तुमच्यापैकी एकाने मघाशी शेंगांची टरफलं सारली, तो मीच. मी एक जुनं जाजम आहे. माझा रंग तांबडा होता असं म्हातारी माणसं सांगतात. आता मला बघून कुणी तांबडा म्हणत नाही, पण म्हाताऱ्या माणसांना खोटं पाडू नये.

माझ्या एका कडेला हात फिरवून बघा. पितळेच्या छोट्या छोट्या कड्या लागतील. जाजमाला कड्या कशासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडला नाही, कारण तुम्ही त्या वाजवण्यात गुंग आहात. वाजवा. पण वाजवता वाजवता ऐका.

माझा जन्म जालन्याच्या एका मागावर झाला. मला सुताचे चार पट्टे म्हणून विणलं, रंगाऱ्याने तांबड्या रंगात बुडवलं आणि मग मी गाडीत बसून मंठ्याच्या बाजारात पाशामियाँकडे आलो. पाशामियाँ दर्जी होते. बाजाराच्या दिवशी लिंबाखाली मशीन मांडून बसत. सदरे, परकर, बैलांच्या झुली, सगळं त्याच मशीनवर. माझे पट्टे जोडायचं काम त्यांना सांगायला हिवरगव्हाणच्या मठाचे रखमाजी महाराज स्वतः आले होते.

"मियाँ, सारं गाव मावंल एवढं मोठं शिवा," महाराज म्हणाले. "आन् माझ्यासाठी येगळा तुकडा काढू नका. मलाबी त्याच्यावरच बसायचंय."

"गादी सोडून नीचे बसनार तुमी? गुडघे दुखतील, महाराज."

"गुडघे दुखलेले बरे. वर बसून सगळ्यांकडं खाली बघायचं म्हन्लं की मान दुखती."

पाशामियाँ हसले आणि त्यांनी मला दुहेरी टाके घातले. त्यांचे टाके अजून उसवलेले नाहीत. त्या काळी निजाम सरकारचं राज्य होतं आणि आमच्या भागात पुष्कळ गोष्टी उसवत होत्या, त्यात हे टाके टिकले याची नोंद घ्यावी.

मठ तसा लहान होता. आतली एक खोली, तिच्यासमोर सभागृह, आणि बाहेर अंगण. मी रोज सकाळी अंगणात अंथरला जायचो. महाराज माझ्या मधोमध बसायचे. त्यांच्या एका बाजूला धर्मराज. मठाची सगळी व्यवस्था तो बघायचा. पाहुणा कुठे झोपणार, पंगत कधी बसणार, गळकं छप्पर कुठे शेकारायचं, हे धर्मराजाला ठाऊक. दुसऱ्या बाजूला भुजंग. तो भजनी मंडळाचा पुढारी. त्याचा आवाज शेजारच्या गावापर्यंत जायचा, कधीकधी त्या गावाची इच्छा नसतानाही. धर्मराज खालच्या आळीचा आणि भुजंग वरच्या. महाराज मध्ये बसत होते ते उगीच नाही.

गावचे तंटे, सोयरिकी, मठाचे बेत, जे काही ठरायचं ते माझ्यावर बसून ठरायचं. एकजण ओरडायचा, दुसरा उठून जायचा, उन्हं कलली की परत यायचा. महाराज शेवटी बोलायचे. त्यांचं सगळ्यांना पटायचं असं नाही. पण ते कुणी, कसं आणि का ठरवलं, हे सगळ्यांनी बघितलेलं असायचं. त्यामुळे न पटणारा माणूससुद्धा जेवून जायचा.

चातुर्मासात मात्र महाराज मौन धरायचे. ही मठाची फार जुनी रीत. मौनात कुणी प्रश्न घेऊन आलं तर महाराजांपुढे एक ताट ठेवायचं. ताटात एक तुळशीचं पान आणि एक कडुलिंबाचं. महाराजांनी तुळस उचलली तर 'होय', लिंब उचलला तर 'नाही'. हे सुद्धा अंगणात, सगळ्यांसमोर.

आणि याच मौनात भाऊबीज यायची.

महाराजांना एक धाकटी बहीण होती. द्वारकाबाई. टेंभुर्णीला दिलेली. संन्याशाला नातंगोतं नसतं, म्हणून मठात त्याला बहिणीने ओवाळू नये, असा नियम होता. महाराजांनी नियम मोडला नाही. त्यांनी फक्त मला उंबऱ्याच्या बाहेर अंथरायला सांगितलं. उंबऱ्याच्या आत महाराज, बाहेर दादा. द्वारकाबाई बैलगाडीने, वाटेत एक मुक्काम करून यायच्या, माझ्यावर बसायच्या, ओवाळायच्या आणि दरवर्षी न चुकता निरांजनातलं तेल माझ्या त्याच कोपऱ्यावर सांडायच्या. संन्याशापाशी ओवाळणी घालायला काय असणार? महाराज एक तुळशीचं पान त्यांच्या ताटात टाकायचे. द्वारकाबाई ते पान अंबाड्यात खोवून टेंभुर्णीला घेऊन जायच्या. त्या तेलाचा डाग अजून माझ्यावर आहे. तुम्ही बसला आहात त्याच्या उजवीकडे.

एका ज्येष्ठात महाराज आंघोळीहून उठताना पडले. लागलं फार नव्हतं. पण त्या दिवसापासून त्यांचे शब्द एकेक करून घरी जाऊ लागले. आधी माणसांची नावं गेली, मग वस्तूंची. मग महाराज सगळ्यांना 'बाळ्या' म्हणू लागले. आणि पंधरवड्यात तेही थांबलं. नेमका तेव्हाच चातुर्मास लागला. मौन धरलेल्या माणसाचं बोलणं गेलंय, हे ओळखायचं कसं? गावाला वाटलं, यंदा महाराजांचं मौन फारच पक्कं आहे.

मग एक दिवस दोन भाऊ बांधाचं भांडण घेऊन आले. थोरल्याने विचारलं, "बांध माझा हाये ना, महाराज?" ताट पुढे आलं. महाराजांनी तुळस उचलली, तोंडात टाकली आणि खाल्ली. सभा चकित झाली. धर्मराज चटकन म्हणाला, "परसाद घेतला महाराजांनी. होय म्हन्ले." धाकट्याला हे पचेना. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. नवं ताट आलं. महाराजांनी तुळस खाल्ली.

लिंब कडू असतो, मित्रांनो. तुळस चांगली लागते. यापलीकडे त्या निकालात काही नव्हतं. पण दोन्ही भाऊ जिंकून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी बांधावर दोघांची डोकी फुटली.

त्याच दिवशी धर्मराज मला खांद्यावर टाकून मंठ्याला गेला.

"मियाँ, ह्याला एका कडंनं कड्या लावा. दारावर टांगायचंय."

पाशामियाँनी चष्म्यावरून बघितलं. "धर्मराजभाऊ, जाजम हाये हे. बैठनेकी चीज. टांगायची न्हाई."

"महाराजांना एकांत पाहिजे."

"मंग नवा कपडा आना. मी फुकट शिवून देतो."

"नवा आनायला येळ न्हाई. जल्दी करा," धर्मराज म्हणाला. हे बोलताना तो पाशामियाँकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता आणि त्याची बोटं माझी कड चुरगाळत होती.

पाशामियाँनी कड्या लावल्या. लावल्या त्या बिलकुल पक्क्या लावल्या. नाराजीने केलेलं कामसुद्धा त्यांना कच्चं करता येत नसे.

असा मी जाड चुण्यांमध्ये आखडून आतल्या खोलीच्या दारावर चढलो. पडदा झाल्याबरोबर मला दोन तोंडं आली. एक सभागृहाकडे, एक खोलीकडे. सबंध मठात दोन्ही बाजू दिसणारा मी एकटाच, आणि मला बोलता येत नव्हतं. असा सेवक कुठल्याही संस्थेला फार आवडतो. माझी बढतीच होती ती.

आता रीत बदलली. माणूस बाहेर बसून प्रश्न सांगायचा. धर्मराज ताट घेऊन आत यायचा. आत महाराज खिडकीपाशी बसून चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत घालत असायचे. धर्मराज ताट बाजूला ठेवायचा, थोडा वेळ उभा राहायचा, महाराजांचा सदरा नीट करायचा, तोंड पुसायचा. मग मनाशी विचार करून एक पान उचलायचा आणि हात जोडून बाहेर जायचा. "आज्ञा झाली."

आता धर्मराजाला वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. जीभ असती तरी वळली नसती. त्याला दुसरी भीती होती. महाराजांचं खरं कळलं की गादीवर कोण, हा प्रश्न निघणार. वरची आळी भुजंगाला बसवणार, खालची आळी ते होऊ देणार नाही, आणि मठाच्या अंगणात लाठ्या निघणार. शिवाय महाराजांना लोकांनी असं बघू नये, असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर त्याचे निकाल चांगले होते. बांधाचं भांडण त्यानेच मिटवलं. गोजरबाई नावाची एक खमकी विधवा होती, तिच्या लेकीला दोन स्थळं आली होती. त्यातलं बरं स्थळ त्यानेच निवडलं. निकाल वाईट असते तर पडदा चार दिवसांत उतरला असता. निकाल चांगले होते, हीच पंचाईत होती.

पुढे एकदा भुजंग हार घालण्याच्या निमित्ताने न विचारता आत आला. त्याने महाराज बघितले, चिंचोके बघितले, धर्मराजाच्या हातातलं पान बघितलं. मग महाराजांच्या पायाशी बसला आणि हुंदके देऊन रडला. ते रडणं खरं होतं, मी साक्षीदार आहे. डोळे पुसून झाल्यावर तो म्हणाला, "कवापासून चालू हाये हे?"

"आषाढापासून."

"मला सांगितलं न्हाई."

"तुला सांगितलं म्हंजे भजनात सांगितल्यासारखंच हाये, भुजंगा."

"बरं," भुजंग म्हणाला. "मंग बराबर वाटनी करू. सोमवारी तू आत ये. गुरुवारी मी येतो."

ते रडणं जितकं खरं, तितकंच हेही खरं. माणसांचं असं असतं.

त्यानंतर मठात आज्ञांना ऊत आला. सोमवारी आज्ञा व्हायची की पंगतीत खालची आळी आधी बसेल. गुरुवारी आज्ञा व्हायची की वरची. सोमवारी ठरायचं की सप्ताहाला कीर्तनकार बाहेरचा बोलवावा. गुरुवारी महाराजांना भुजंगाचंच कीर्तन ऐकायची इच्छा व्हायची. मौनात असलेले महाराज गावात सगळ्यात जास्त बोलू लागले. कार्तिकी एकादशी आली, चातुर्मास संपला, आणि आज्ञा झाली की मौन पुढे चालू राहील. ही एकच आज्ञा अशी होती की तिच्यावर सोमवार आणि गुरुवार यांचं एकमत झालं.

त्या वर्षी द्वारकाबाई आल्या नाहीत. त्यांच्या लेकीचं बाळंतपण होतं.

इकडे माझा मान वाढत गेला. महाराज दिसेनात, तेव्हा लोक मलाच नमस्कार करू लागले. गोजरबाईने मला कुंकू लावलं. कुणाची म्हैस आटली होती ती मला नारळ बोलल्यावर पान्हावली म्हणे. मी काही केलं नव्हतं, पण कुणी आपल्या पाया पडत असलं तर कापड आपोआप ताठ राहतं.

आणि मी हलायचो. कधीकधी, वारा नसताना, माझा खालचा एक कोपरा हळूच हलायचा. सभागृहात कुणी तरी ओरडायचं, "महाराज! साक्षात्कार!" आणि अख्खी सभा डोकं जमिनीला टेकून आडवी व्हायची. डोकी वर यायची तेव्हा मी शांत असायचो. धर्मराज आणि भुजंग, दोघांपैकी जो असेल तो, तेवढ्यात आत धावलेला असायचा.

काय घडायचं ते सांगतो. महाराज चिंचोके सोडून उठायचे आणि माझ्यापाशी यायचे. त्या तेलाच्या डागाचा कोपरा धरायचे आणि ओढायचे. त्यांची बोटं माझ्या कडेतून बाहेर निघायची, सभागृहातल्या उजेडात. त्यांना बाहेर यायचं होतं, मित्रांनो. अंगणात, उन्हात. पुष्कळदा त्यांची बोटं साऱ्या गावापुढे उघडी होती. पण त्याच क्षणाला गावाचं कपाळ जमिनीवर असायचं. इतकी भक्ती होती की कुणाला काही दिसलं नाही.

असं वर्ष उलटलं आणि पुन्हा भाऊबीज आली.

द्वारकाबाई दोन वर्षांची आस घेऊन आल्या होत्या. गाडीतून उतरल्या, ताट काढलं आणि अंगणात बघितलं. जाजम नव्हतं. मग सभागृहात आल्या आणि मला दारावर लटकलेला बघून थबकल्या.

"अगं बया. हे इथं कशाला टांगलं? मी बसायचं कशावर?"

धर्मराज पुढे झाला. "आक्का, महाराज मौनात हायेत."

"मौनात तर दरसाली असत्यात. बोल म्हन्तच न्हाई मी त्याला. बाहेर ये म्हन, मी ओवाळते आन् जाते."

"ह्या खेपेला मौन कडक हाये. दर्शन बंद हाये, आक्का."

"दर्शन कुनाला पाहिजे? मला दादाला बघायचंय."

सभागृह भरत चाललं. सणाचा दिवस, दोन्ही आळ्यांची माणसं आली होती. भुजंग पुढे सरकला आणि गोड आवाजात म्हणाला, "आक्का, आसं करा. पडद्याला ओवाळा. सारं गाव पडद्यालाच मानतंय. महाराजांना पोचतं ते."

द्वारकाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या कपाळी गोजरबाईचं कुंकू होतं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं, पण मी टांगलेला होतो.

"भुजंगा, तुझी भईन तुझ्या घरच्या पडद्याला ओवाळती का रे?"

सभेत एक हसू फुटलं आणि लगेच दबलं. गोजरबाई म्हणाली, "आक्का, आसं बोलू नै. जागृत हाये पडदा."

"जागृत आसंल तर त्यालाच इचारा, माझा भाऊ जिता हाये का न्हाई."

दबलेलं हसूही थांबलं. हा प्रश्न आजपर्यंत कुणी विचारला नव्हता. आणि तो विचारल्याबरोबर, आपण तो का विचारला नाही, असा दुसरा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर दिसला.

"जिते हायेत," धर्मराज म्हणाला. "आक्का, तुमच्या पाया पडतो. जिते हायेत, चांगले हायेत. पन आज हट्ट करू नका."

"मी हट्ट न्हाई करून राह्यले, धर्मराजा. मी पडद्याला हात लावनार न्हाई. तुमचा मठ, तुमचा पडदा. मी हितंच बसते." आणि त्यांनी निरांजन लावलं, ताट दोन्ही हातांत धरलं आणि माझ्यासमोर फरशीवर बसल्या. "दादाला सांगा, मी बसलेय म्हनावं."

धर्मराज आणि भुजंग एकमेकांकडे बघत उभे राहिले. आत जायला दोघांनाही धीर होईना. वार कुठला होता कोण जाणे, त्या दिवशी कुणीच म्हणालं नाही की आज माझी पाळी.

ताट जड होतं. ते थोडं कललं आणि नेहमीप्रमाणे तेल सांडलं. या खेपेला माझ्यावर नाही, फरशीवर. "जळ्ळं मेलं, दादा, पुन्हा सांडलं बघ," त्या सवयीने म्हणाल्या.

आत चिंचोक्यांचा आवाज थांबला.

महाराज उठले. माझ्याकडे आले. माझा डागाचा कोपरा त्यांनी धरला, आणि मी हललो.

"महाराज! साक्षात्कार!" सारी सभा धाडकन आडवी झाली. वरची आळी, खालची आळी, गोजरबाई, सगळे.

द्वारकाबाई मात्र वाकू शकल्या नाहीत. त्यांच्या हातात पेटलेलं निरांजन होतं. त्या तशाच ताठ बसून राहिल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"अरे, त्याचा हात हाये की," त्या म्हणाल्या. ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात. "त्याची बोटं हायेत. त्याला बाहेर यायचंय. तुम्ही काय पाया पडताय? सोडा की त्याला!"

डोकी एकेक करून वर आली. बोटं अजून तिथेच होती. सुरकुतलेली, नखं वाढलेली, माझी कड धरून ओढणारी बोटं. सगळ्यांनी ती बघितली आणि मग सगळ्यांनी धर्मराजाकडे बघितलं.

भुजंगाने त्याच्या कानाशी लागून म्हटलं, "आत ढकल त्यांना. मी भजन सुरू करतो."

धर्मराजाने त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही आपलंच तोंड आरशात दिसलं असावं. मग तो माझ्याजवळ आला. त्याने माझी कड हातात घेतली. पाशामियाँपुढे चुरगाळली होती तशीच ती एकदा चुरगाळली. आणि त्याने मला बाजूला सारलं. कड्या दांडीवरून खळखळत गेल्या. त्या आवाजासारखा आवाज मी पुन्हा ऐकला नाही, तुम्ही आता वाजवताय तोही त्यापुढे काहीच नाही.

महाराज उजेडात आले आणि त्यांनी डोळे बारीक केले. ते फार वाळले होते. त्यांनी सभेकडे बघितलं, कुणालाच ओळखलं नाही. एका हाताची मूठ घट्ट मिटलेली होती. ते दारातच उभे राहिले.

"दादा, उंबऱ्याबाहेर यावं लागतंय," द्वारकाबाई म्हणाल्या.

धर्मराजाने मला दांडीवरून उतरवलं, अंगणात नेलं आणि उन्हात अंथरलं. त्याला मदत करायला भुजंग आला, हे सांगायला हवं. दुसरं टोक त्यानेच धरलं. महाराज चालत आले आणि माझ्या मधोमध बसले, कुणी जागा दाखवली नाही तरी. द्वारकाबाईंनी ओवाळलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण त्यांनी हात थांबवला नाही.

ओवाळणं झालं. महाराज ताटाकडे बघत राहिले. मग त्यांनी मूठ उघडली. आत तुळशीचं एक पान होतं, सकाळच्या पूजेतलं, चुरगाळलेलं. माझ्या मनात आलं, आता हे खाणार. त्यांनी ते बहिणीच्या ताटात टाकलं.

त्यांनी द्वारकाबाईंना ओळखलं का? मला सांगता येणार नाही. मी एवढंच सांगतो की इतक्या दिवसांत मी त्यांना तुळशीचं पान फक्त खातानाच बघितलं होतं, आणि ते एक पान त्यांनी खाल्लं नाही.

द्वारकाबाईंनी पान अंबाड्यात खोवलं आणि सभेला म्हणाल्या, "झालं माझं. आता तुमचं चालू द्या."

मग जे चाललं ते दिवस मावळेपर्यंत चाललं. धर्मराज माझ्यावर उभा राहिला आणि पहिल्या ताटापासून सगळं सांगून बसला. भुजंगाने गुरुवारचं सांगितलं. शिव्या पडल्या. दोन्ही भाऊ बांधावरून पुन्हा भांडले. गोजरबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हंजे धर्मराजा, माझ्या लेकीचं लगीन तू ठरवलं?"

"व्हय, काकू. मीच."

"जावई चांगला हाये," गोजरबाई म्हणाली. "पन मला तोंडावर इचारलं आस्तं तर मी काय तुला खाल्लं आस्तं? आन् माझं कुंकू वाया गेलं ते येगळंच."

ज्या लाठ्यांना धर्मराज घाबरला होता त्या निघाल्या नाहीत. माणसं ओरडली, रडली, उठून गेली, परत आली. भांडण बंद खोलीत होतं तेव्हा त्याला दात होते. अंगणात आल्यावर त्याला नुसता आवाज राहिला. ठरलं ते एवढंच, की महाराज जिवंत आहेत तोवर गादी त्यांची, आणि मठाचं जे काही ठरायचं ते दिवसाउजेडी, याच जाजमावर, सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने एकमेकांच्या तोंडाकडे बघून.

महाराज त्यानंतर रोज उन्हात बसले, चिंचोके घेऊन. लोक येता-जाता त्यांच्याशी बोलायचे. ते उत्तर देत नसत. कुणाचं काही बिघडलं नाही. त्यांना तसं बघून कुणाची श्रद्धा गेली असंही मला आढळलं नाही. उलट गोजरबाई त्यांची नखं काढून द्यायची.

पुढच्या एका उन्हाळ्यात महाराज गेले. तेव्हा गादीसाठी धर्मराज आणि भुजंग दोघेही उभे राहिले. दुपारभर वाद झाला आणि हात वर करून धर्मराजाला निवडलं गेलं. भुजंगाला एक काम दिलं, समोर बसून उलट प्रश्न विचारायचं. ते त्याने इतक्या आवडीने केलं की धर्मराजाची मान दुखली नाही, पण डोकं दुखायला लागलं. गादी मात्र उचलून ठेवली. धर्मराज माझ्यावरच बसायचा.

पाशामियाँ एकदा कात्री घेऊन आले होते. म्हणाले, "आता या कड्या काढून टाकू." गोजरबाईने अडवलं. "ऱ्हाऊ द्या, मियाँ. ध्यानात ऱ्हाईल." पाशामियाँनी कात्री झोळीत टाकली, पण एकदा कड्या ओढून बघितल्या, शिवण पक्की आहे ना म्हणून.

आता राज्य बदललं. निजाम सरकार गेलं, नवे साहेब आले, नव्या सभा भरायला लागल्या. त्यांच्यासाठी खुर्च्या आणतात. मी बराच वेळ माळ्यावर गुंडाळून पडलेलो असतो. मला कसर लागली आहे, उंदराने एक कोपरा नेला आहे. तेलाचा डाग तेवढा त्याने सोडला, बहुधा चव आवडली नसावी.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. अधूनमधून मला काढा, झाडा, उन्हात टाका. फाटलं तिथे ठिगळ लावा. शेंगांची टरफलं टाकलीत तरी चालेल, चिखलाच्या पायांनी आलात तरी चालेल. बसण्यासाठीच मला विणलं आहे. आणि कधी काळी तुमच्यातलं कुणी मोठं झालं, कुठल्या मठाचं, मंडळाचं, सभेचं पुढारी झालं, आणि त्याला वाटलं की आत काही नाजूक आहे, लोकांना आत्ताच दाखवायला नको, थोडे दिवस पडदा लावू, तर दुसरं कापड शोधा. ते मिळेपर्यंत कदाचित मन बदलेल.

मला टांगू नका. माझ्या कड्या अजून पक्क्या आहेत, म्हणून सांगून ठेवतो.